दोन काळे कपलर

२ फेब्रुवारी, रविवार

बीपी १५०/९४. डॉक्टर म्हणाले रोज लिहून ठेवा, म्हणून ही डायरी. ऑइलवाल्याने नवीन वर्षाची दिलेली. कागद इतका गुळगुळीत की बॉलपेन घसरतंय. आकडा लिहिला तरी अख्खं पान उरतं, म्हटलं उरलेल्यात काहीतरी खरडू. दुपारी डबा खाल्ला की गॅरेजात अर्धा तास तसंही कोणी फिरकत नाही.

आज बाबांची गाडी घेतली एकदाची. महिनाभर मागे लागले होते, "सिद्धेश, इंजिनाची बत्ती लागता रे मधीच." स्कॅनर लावला तर ऑक्सिजन सेन्सर. गाडी चौदा वर्षांची, दोन्ही सेन्सर मूळचेच. म्हटलं एकाला हात लावतोयच तर दोन्ही बदलून टाकू. लोकांना वाटतं सेन्सर म्हणजे एकच काहीतरी. नाही. पुढचा असतो इंजिनातून धूर बाहेर पडतो तिथेच, तो इंजिनाला सांगतो की पेट्रोल वाढव, पेट्रोल कमी कर. मागचा असतो धूर गाळणाऱ्या डब्याच्या पलीकडे, तो नुसता बघतो, डबा काम करतोय की नाही. पुढचा साहेब आणि मागचा वॉचमन, असं मी गिऱ्हाइकांना सांगतो.

पुढचा गंजून असा बसलेला की सुटेना. इंजिन जरा गरम केलं, गंजाचा स्प्रे मारला, बावीस नंबरचा पाना लावून त्यावर पाइप चढवला आणि दिला जोर. कट्‌कन सुटला. शेजारचा पेंटिंगवाला जयवंत बघत होता, म्हणाला, "मान गये, सिद्धू." वायरी वर येऊन एकाच पट्टीवर कपलरने, म्हणजे टोकाच्या प्लास्टिकच्या जोडणीने, शेजारी शेजारी जोडतात. कंपनीचा एक कपलर करडा होता आणि एक काळा. दोन वर्षांमागे उंदरांनी वायरी कुरतडल्या तेव्हा मीच दोन्ही काळे टाकलेले, जे हाताला आले ते. लावले, क्लिक, क्लिक. स्कॅनरमधला एररचा कोड उडवला, बत्ती गेली. चाळीस मिनिटांत काम. तेवढ्यात एक गाडी टोइंगवर आली म्हणून ट्रायल मारली नाही. बाबांना किल्ली दिली, म्हटलं घेऊन जा, मक्खन.

बाबांनी छत्तीस वर्षं टॅक्सी चालवली. एक केस नाही. आता मंगळवार, गुरुवार, शनिवार श्यामसुंदर काकांना मुलुंडला डायलिसिसला नेतात. काका त्यांचे टॅक्सी स्टँडवरचे दोस्त, इथे भांडुपलाच, आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एकटे राहतात. बाबा सत्तर, काका बहात्तर. गाडीत दोघे टवाळक्या करत जातात. आई म्हणते, "ह्येंका डायलिसिसाचो उत्साह काकांपरास जास्त."

६ फेब्रुवारी, गुरुवार

१४६/९२.

बाबा मुलुंडहून थेट गॅरेजात. "सिग्नलाक उभी रवली की थरथरता रे. धापा टाकता." माझ्या डोक्यावर तीन गाड्या. म्हटलं, "बाबा, तुम्ही अर्ध्या क्लचवर उभी ठेवता, सवय आहे तुमची." मान हलवून म्हणाले, "आसात." मग जाता जाता, "बत्तीपण काल लागान गेली." मी म्हटलं पेट्रोलचं झाकण नीट लावत नसाल. गेले बिचारे.

नमिताला सांगितलं तर ती म्हणाली, "एकदा बघायचं ना रे, बाबाच आहेत." बायकोला वाटतं मी मोकळा बसलेलो असतो. नवीन सेन्सर टाकून चार दिवस झालेत, बघायचं काय त्यात?

११ फेब्रुवारी, मंगळवार

बीपी घेतलं नाही.

साडेदहाला फोन आला. सोनापूर सिग्नलला बाबांनी रिक्षाला ठोकलं. जयवंतच्या बाइकवरून गेलो. सिग्नल सुटला तेव्हा गाडी बंद पडली, मागून हॉर्न, बाबांनी स्टार्ट मारून रेस दिली, गाडी आधी उचललीच नाही आणि मग एकदम उसळली. पुढच्या रिक्षाचं मागचं फुटलं. काका पुढच्या सीटवर. हाताला डायलिसिसची नस आहे, तिच्यावर दाब नको म्हणून ते पट्टा लावत नाहीत. कपाळ आपटलं, चार टाके. त्याच कपाळाने मग डायलिसिसला बसले. मला बघून म्हणाले, "अरे, काही नाही, शिंग उगवलंय." पण चेहरा पांढराफटक होता.

आणि बाबा रस्त्यावर वाकून रिक्षाच्या लाइटच्या काचा वेचत होते, एक एक. गर्दी मोबाइलवर शूटिंग करत होती. कोणीतरी ओरडलं, "म्हाताऱ्यांना गाड्या देतातच कशाला!" मला लाज वाटली. खरं लिहायचं तर बाबांची लाज वाटली.

दुपारी घरी बसलो सगळे. दहिसरहून माझी बहीण हेमांगीताई फोनवर. ती म्हणाली, "सिद्धू, उद्या कोणाचा जीव गेला तर?" मी बोललो, "बाबा, आता बास. रिअ‍ॅक्शन स्लो झालीय तुमची. वयच आहे ते." त्यांनी मला काहीतरी सांगायला तोंड उघडलं, "गाडी आधी..." मी म्हटलं, "गाडीला काही झालेलं नाही. गाडी माझ्या हातची आहे."

त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. माझ्याकडे सरकवलीपण नाही, नुसती ठेवली.

१६ फेब्रुवारी, रविवार

१४८/९२.

मनात खुटखुट नको म्हणून सकाळी आठला बाबांची गाडी काढली. गल्लीतून दोन चकरा मारल्या, पाच मिनिटंसुद्धा नाही. एक नंबर. थरथर नाही, धापा नाही, काही नाही. स्कॅनर लावला, तर बॅटरी काढून ठेवली होती म्हणून जुने कोडही गेलेले. म्हणजे गाडीचा प्रश्न नाहीच. नमिताला सांगितलं, "बघ, उगाच संशय घेत होतीस." ती म्हणाली, "मी कुठे काय बोलले?"

किल्ली गॅरेजात माझ्या ड्रॉवरमध्ये टाकलीय. घरी ठेवली तर उगाच नजर जाते त्यांची.

१ मार्च, शनिवार

१५२/९६. गोळी बदलली.

काका आता रिक्षाने जातात. बाबा तरीही सोबत जातात, मागच्या सीटवर काकांचा हात धरून. काल आई म्हणाली, बाबा परत येताना काकांना रिक्षात बसवून स्वतः चालत आले, मुलुंडहून. का, तर "पाय मोकळे करूक."

आज एलबीएस रोड ओलांडताना त्यांनी माझं मनगट धरलं. ह्याच माणसाने मला चारचाकी शिकवली, गर्दीत, दिवाळीच्या आधी, आणि मी घाबरलो की म्हणायचा, "समोर बघ, लोकांकडे बघू नकोस." मनगट इतकं घट्ट धरलेलं की बोटांचे ठसे उमटले.

आपण योग्यच केलं. उशिरा केलं, एवढंच.

९ मार्च, रविवार

हे लिहू की नको? लिहितो. डायरी कोणी वाचत नाही.

हेमांगीताईकडे दहिसरला जायचं होतं. माझी गाडी गिऱ्हाइकाला दिलेली म्हणून बाबांची घेतली. एकटाच होतो. जेव्हीएलआरच्या लिंक रोडवरून हायवेला लागेपर्यंत सगळे सिग्नल हिरवे, झकास. गोरेगावच्या पुढे सिग्नलला उभा राहिलो आणि गाडी थरथरायला लागली. धापा टाकायला लागली. इंजिनाची बत्ती पेटली. सिग्नल सुटला, बंद. स्टार्ट मारली, रेस दिली, आधी उचललीच नाही आणि मग एकदम उसळली. पुढे कोणी नव्हतं म्हणून वाचलो. बाबांच्या पुढे रिक्षा होती, एवढाच फरक.

गाडी बाजूला लावली, बॉनेट उघडलं. पट्टीवर दोन काळे कपलर. बोटाने वायर धरून खाली खाली गेलो. पुढच्या सेन्सरची वायर मागच्याच्या जागी, मागच्याची पुढच्याच्या.

मी उलटे लावलेत. साहेबाच्या खुर्चीत वॉचमन बसवला मी. इंजिन विचारतंय पेट्रोल किती देऊ, आणि उत्तर येतंय डब्याच्या पलीकडून, शिळं. गाडी थंड असताना इंजिन सेन्सरला विचारतच नाही, आपल्या अंदाजाने चालतं. म्हणून माझ्या गल्लीतल्या दोन चकरा एक नंबर. थंड गाडीवर ट्रायल! आयला, हे मी शिकाऊ पोराला पहिल्या दिवशी सांगतो, गरम करून बघ म्हणून.

चार मिनिटांत सरळ केले. क्लिक, क्लिक. ताईकडे जाऊन जेवलो. तिने विचारलं, "बाबा कसे आहेत?" मी म्हटलं, "बरे आहेत. जरा शांत झालेत."

१० मार्च, सोमवार

आज सांगणार होतो. पण असं बघ, सत्तर वर्षांचे आहेत. आज ना उद्या गाडी सोडायचीच होती. कारण चुकीचं असेल, निर्णय चुकीचा नाही. आणि सांगितलं तर काकांना सांगणार, काका बिल्डिंगला सांगणार, उद्या भांडुपभर. सिद्धेशने बापाच्याच गाडीचे कपलर उलटे लावले. कोण आणेल मग गाडी?

वाचून बघितलं वरचं. हलकट माणसाने लिहिल्यासारखं वाटतंय.

१३ मार्च, गुरुवार

सकाळी काकांना रिक्षात बसवायला बाबांसोबत मीही उतरलो, मग नाक्यापर्यंत त्यांच्यासोबतच बसलो. काकांच्या कपाळावर टाक्यांची रेघ अजून लाल आहे. रिक्षा खड्ड्यातून गेली की त्यांच्या तोंडातून आवाज येतो, आणि दर आवाजाला बाबा डोळे मिटतात. मी काकांना म्हटलं, "मी सोडतो ना गाडीने." काका म्हणाले, "तुझं गॅरेज आहे रे, रोज कुठे जमणार." मग बाबांकडे बघून डोळा मारला, "ह्या माणसाची सोबत आहे ती पुरे."

काकांना राग नाही. बाबांवर रागावले असते तर मला बरं वाटलं असतं, म्हणजे निदान भांडण तरी झालं असतं आणि मी मध्ये पडून बोललो असतो. छे. नसतो बोललो.

२० मार्च, गुरुवार

आज जे ऐकलं ते ऐकायला नको होतं.

केस कापायला बाबांना सोबत घेऊन गेलो. न्हावी जुना ओळखीचा, त्याने विचारलं, "अनंतराव, गाडी दिसत नाही हल्ली?" बाबा आरशात बघत सांगायला लागले. सिग्नल सुटला. म्हणे चप्पल पेडलखाली अडकली. ब्रेकवर जायचा तो पाय भलतीकडे गेला. समोरची रिक्षा दिसत होती, पण पाय ऐकेना. "माझोच पाय चुकलो. डोक्यान सांगितला, पायान ऐकला नाय. वय झाला. पोरान वेळेवर गाडी काढून घेतल्यान, म्हणान वाचलंय. नायतर कोणाचो तरी जीव गेलो असतो." न्हावी मला म्हणाला, "नशीबवान आहात, असा मुलगा."

बाबा आयुष्यात कधी चप्पल घालून गाडीवर बसले नाहीत. टॅक्सीच्या पहिल्या दिवसापासून कॅनव्हासचे बूट, नाड्या दोनदा बांधून. त्या दिवशीही बूटच होते. मी बघितलेत, काचा वेचताना.

खोटं बोलत नव्हते ते. त्यांना ती चप्पल दिसत होती. सव्वा महिना एकटे बसून त्यांनी विचार केला असणार, गाडी तर पोराच्या हातची, तिला काही होणार नाही, मग माझ्याकडून काय झालं? आणि शोधून काढली चप्पल.

बाहेर येऊन उभा राहिलो.

२३ मार्च, रविवार

नमिताला सांगितलं. पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं. मला वाटलं ओरडेल. म्हणाली, "कधी कळलं तुला?" म्हटलं, नऊ तारखेला. तिने बोटांवर दिवस मोजले, मग पुन्हा लाटायला लागली. तव्यावरची पोळी जळाली, ती काढून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "तू सांग. मी सांगितलं तर त्यांना वाटेल तू घाबरतोस."

"घाबरतोच आहे ना," मी म्हटलं.

"मग घाबरत सांग."

३० मार्च, पाडवा

सांगितलं.

सकाळी गुढी उभारली. बाबा दरवर्षी गाडीला हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. यंदा आई हार घेऊन उभी, तर म्हणाले, "सिद्धेश घालीत. त्याची गाडी ती आता." मी हार घातला आणि तिथेच, कंपाउंडमध्ये, बोललो. "बाबा, चूक तुमची नव्हती. माझी होती." सगळं सांगितलं. पुढचा सेन्सर, मागचा सेन्सर, उंदीर, दोन्ही काळे कपलर, थंड ट्रायल, गोरेगाव. हायवेवर मलाही तसंच झालं, हे तीनदा सांगितलं. बोलता बोलता रडू आलं. पंधरा दिवस लपवलं, हेपण सांगितलं. पंधरा नाही, एकवीस.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोडलं नाही. मी थांबलो तसं म्हणाले, "झाला सांगून?"

"हो."

"कोणी सांगितल्यान तुका असा सांगूक? नमितान?"

मला कळलंच नाही. म्हटलं, बाबा, खरं सांगतोय. शप्पथ. त्यांनी माझ्या खांद्यावरचा झेंडूची पाकळी झटकली. "अख्खो भांडुप तुझ्याकडे गाडी आणता. तू कपलर उलटे लावतलंस? तुझ्या हातचा काम कधी चुकला हा?" आणि मग हळूच, आईला ऐकू जाऊ नये असं, "तू चांगलो आसस रे. पण माका माहीत आसा काय झाला ता. माझी चप्पल होती."

मी म्हटलं, "तुम्ही बूट घातले होते!" मोठ्याने म्हटलं. वरच्या गॅलरीतून लोक बघायला लागले. बाबांनी दोन्ही हातांनी गप्प राहा अशी खूण केली, जसं मीच वेडा झालोय.

किल्ली त्यांच्या हातात कोंबली. त्यांनी ती हाराच्या ताटात ठेवली, कुंकवाशेजारी.

२ एप्रिल, बुधवार

काकांना सांगितलं, म्हटलं तुम्ही तरी पटवा. काकांनी कपाळावरची रेघ चोळली. मग म्हणाले, "मी तेव्हाच त्याला बोललो होतो, अन्त्या, गाडीत काहीतरी आहे. तर माझ्यावर चिडला. म्हणाला, माझ्या पोराने हात लावलाय गाडीला."

६ एप्रिल, रविवार

एक शेवटचा उपाय केला. तो बरोबर होता का माहीत नाही.

गॅरेजात बॉनेट उघडून कपलर पुन्हा उलटे लावले. मुद्दाम. म्हटलं तोंडाने पटत नाही तर डोळ्यांनी दाखवू. दुपारी रस्ते रिकामे असतात. बाबांना म्हटलं चला, मुलुंडपर्यंत जाऊन येऊ. स्टिअरिंगवर बसा म्हटलं तर असे मागे सरले जसं इंजिन तापलंय. बाजूच्या सीटवर बसले, पट्टा लावला, वरचं हँडल धरलं. आधी अर्धा तास गाडी फिरवून गरम केली. ते खिडकीतून बाहेर बघत होते. पूर्वी कुठल्याही गाडीत बसले की त्यांचा उजवा पाय आपोआप ब्रेक मारायचा. आज पाय जवळ घेऊन, अंग चोरून बसले होते.

सोनापूरच्या सिग्नलला थांबलो. मुद्दाम तोच. गाडी थरथरली, धापा टाकल्या, बत्ती पेटली. मी म्हटलं, "बघा. ऐका. हीच ना थरथर? हेच ना तुम्ही मला सांगायला आला होता?" सिग्नल सुटला आणि बंद. मागे एक टेम्पो, दोन रिक्षा, हॉर्न सुरू. माझे डोळे भरून आले, पण आतून आनंद झाला होता मला, कारण आता झालंच सिद्ध. "बाबा, माझे पाय बघा. दोन्ही पाय बघा माझे. काही चुकलं का? गाडी बंद पडली की नाही?"

त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिले, खूप प्रेमाने. माझा गियरवरचा हात आपल्या हातात घेतला.

"तू ल्हान असताना कॅरमात मी मुद्दाम हरायचंय ना," ते म्हणाले, "तेव्हा माझा तोंडपण असाच व्हायचा."

मी खाली उतरलो, बॉनेट उघडलं, कपलर सरळ केले. बोटं भाजली. मागचा टेम्पोवाला शिव्या देत उतरला होता. बॉनेटच्या आडून मला बाबांचा आवाज आला. तेही उतरले होते, टेम्पोवाल्याच्या समोर जाऊन उभे होते, एक हात गाडीला धरून.

"त्याला काही बोलू नका, भाऊ," ते त्याला सांगत होते. "माझ्यामुळे झालंय हे सगळं."